टिनांचा घाम

त्या सकाळी उत्तमराव गॅरेजमधून बाहेर आले ते नेहमीसारखेच, खांद्यावर ओलं फडकं टाकून. थंडी पडली की छपराची टिनं रात्रभर आतून घामेजत आणि पहाटे खालच्या काळ्या मोटारीवर टपटपत. चहाच्या आधी मोटार पुसायची, हा राजापेठेतल्या त्या घराचा हिवाळी नेम होता.

मोटार उत्तमरावांची नव्हती. त्यांचे थोरले भाऊ खुशालराव यांची होती. खुशालरावांची काळी जमीन बाळापूरकडे, आणि पावसाळ्यात तिथल्या चिखलातून बैल निघायची मारामार. म्हणून मोटार अमरावतीला, शाळामास्तर भावाच्या अंगणात. तिच्यासाठी अंगणातलं लिंबाचं झाड गेलं आणि टिनाचं शेड आलं. मोटारीचा मान खुशालरावांकडे, ओलावा उत्तमरावांकडे, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती.

उत्तमरावांची मुलगी कौशल्या अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. नाताळच्या सुटीत ती घरी आली, तेव्हा मोठे बाबा, म्हणजे हेच खुशालराव, अंगणात बाज टाकून उन्हात बसले होते. त्यांच्या मुलाचं, गोवर्धनचं लग्न परवावर आलं होतं आणि वरात याच मोटारीतून निघायची होती. बसल्या जागेवरून हुकूम सोडणं हे ते काम समजत, आणि दुपारपर्यंत त्यांना खरोखरच थकवा येई.

महिन्याभरापूर्वी त्यांनी शेडच्या साऱ्या फटी बुजवायला लावल्या होत्या. दव बाहेरून आत शिरतं, असा त्यांचा शोध होता. उत्तमरावांनी निमूटपणे फटींत बारदान कोंबलं, वरून माती लिंपली, आणि दुसऱ्याच दिवसापासून टिनं दुपटीनं गळू लागली.

"उत्तम, हे काय रे? मडगार्डले गंज?" मोठ्या बाबांनी बाजेवरूनच विचारलं.

"रोज पुसतो, दादा."

"पुसून राह्यला, मंग गंज आला कावून? लग्नात लोकं काय म्हनतीन? उद्या पहाटे शेगडी ठेव आत. चांगली लाल करून ठेव. अन् दार लावून घेजो, नाही तं सारी ऊब निंघून जाईन."

"बरं दादा."

कौशल्यानं हे स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. वडील हात धुवायला आले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दव बाहेरून येत नाही. आतली हवा कोंडली की थंड टिनाला घाम फुटतो. फटी मोकळ्या करा, सुकेल आपोआप."

"मले काय माईत नाही? दरसाल पोरायले शिकवतो. उकळत्या पाण्यावर थंड ताटली धरून दाखवतो."

"मग त्यांना दाखवा ना ताटली."

उत्तमराव हसले. "दादाले? त्याची मोटार हाय, पोरी."

"शेड तर तुमचं आहे."

"बोलू नको, आयकू जाईन."

पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःच्या घरात कुजबुजत होता. कौशल्याला मोठ्या बाबांची घृणा वाटली. वडिलांचीही कीव आली, आणि ती कीव फारशी मायेची नव्हती. वडिलांनी वाण्याकडून लाकडी कोळसा आणला, संध्याकाळी अंगणात पोरांचे पेपर तपासले, भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा जास्तच घेतला म्हणून आईची बोलणी खाल्ली. एरवीसारखाच दिवस होता तो.

पहाटे त्यांनी शेगडी पेटवून आत नेली, दार ओढून घेतलं आणि मोटार पुसायला लागले. चहा निवला तरी आले नाहीत, म्हणून कौशल्या बोलवायला गेली. ते मोटारीच्या पायदानावर डोकं टेकून बसले होते. फडकं हातात होतं. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत कोळशाचा वायू साचला. त्याला ना रंग ना वास, कळलंही नसेल.

मोटार मात्र कोरडी ठणठणीत झाली होती.

सुतक लागलं आणि लग्न पुढं गेलं. मोठे बाबा रडले. पण मुहूर्ताचा विषय निघाला की त्यांचं रडणं जास्त मनापासूनचं व्हायचं, हे कौशल्यानं पाहिलं होतं.

तेराव्याला बाळापूरचे सोयरे आणि उत्तमरावांच्या शाळेतले मास्तर पंगतीनंतर ओसरीवर बसले होते. मोठे बाबा लोडाला टेकून पान लावत होते.

"उत्तम लहानपणापासूनच येडा," त्यांनी सुरुवात केली. "मोटारीचं खूळ घेतलं होतं त्यानं. मी म्हनलं, बाबू, गंजली तं गंजली, जीवापेक्षा मोटार हाय काय? शेगडी आत नेऊ नको, दार लावू नको. पन आयकते कोन?"

मास्तरांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "शास्त्र शिकवणारा माणूस, आणि एवढं कळू नये!" आजपासून अमरावतीत उत्तमरावांची हीच गोष्ट सांगितली जाणार होती. आईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. या घरात मोठ्या बाबांना आजवर कुणी उलटून बोललं नव्हतं.

कौशल्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. शाळेत इतकी वर्षं जपलेली शुद्ध भाषा तिला तेव्हा सापडली नाही.

"मोठे बाबा, खोटं बोलून राह्यले तुमी."

पान लावणारा हात थांबला.

"फटी तुमी बुजवायले लावल्या. शेगडी तुमी ठेवायले सांगतली, दारही तुमीच लावायले सांगतलं. मी आयकत होती. माहा बाप येडा नव्हता. त्याले सारं समजत होतं. तो तुमाले भेत होता."