खुंटावरची हरळी

"खुंटाले रोज पाणी घालत जाजो, पारू. माथ्यावरची हरळी मेली का माती ढासळते, आन् माती ढासळली का आपली मेहनत कोणी मानत नाही. माप झालं का मंग तो आपल्या हातानं काढून टाकजो. बोडी भरल्यावर खुंट दिसत नाही, पोरं उडी मारतात."

मंगरूबाबाला जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्याची लेक पार्वताबाई बोडीच्या पाळीवरून उतरू लागली की बापाचे हे शब्द तिच्यासोबत उतरत. तांब्यातलं अर्धं पाणी तिनं घरी तुळशीला घातलं होतं. उरलेलं अर्धं तिनं खुंटाच्या माथ्यावर हळूहळू ओतलं. त्याआधी तिच्या तोंडात थेंब जात नसे.

सिहोऱ्याजवळच्या त्या बोडीत, म्हणजे छोट्या तलावात, रोजगार हमीचं काम चालू होतं. बारा बायांनी छातीइतकं खोल खणलं होतं आणि मधोमध जुन्या जमिनीचा एक खुंट तसाच उभा ठेवला होता. खुंट जेवढा उंच, तेवढी खोदाई खरी.

"तुळशीले पाणी घालतात हे ठावं होतं," मंगलाबाई घमेलं टेकवत म्हणाली. "हे बाई खुंटाले घालते! कार्तिकात त्याचं लगीनबी लाव वो."

"लावीन. तू वऱ्हाडी हो."

बाया हसल्या. तेवढ्यात पाळीवर मोजणीचे साहेब, केशवराव दिसले. ते आठ दिवस उशिरा आले होते.

केशवरावांनी खुंटाला टेप लावली, आकडा वाचला, पण पुस्तकात लिहिला नाही. ते हरळीकडं बघत राहिले.

"मे महिन्यात सगळी बोडी करपली आणि एवढीच हरळी हिरवी?"

"मी रोज पाणी घालतो, साहेब."

"तेच म्हणतोय. वीतभर माती वर चढवली, त्यावर हरळी आणून लावली, ती जगावी म्हणून पाणी घातलं. मागच्या गावात असाच फसलो. मी वीतभर कमी लिहिणार."

वीतभर खोदाई म्हणजे बारा जणींची पाच दिवसांची मेहनत. म्हातारी गिरजाबाई पार्वताच्या कानाशी पुटपुटली, "वीत गेली तर जाऊ दे, पोरी. बाकीचं तरी लिहू दे."

"वीत गेली तर आपण चोर ठरतो, काकी."

पार्वता पुढं झाली. "साहेब, खुंट चिरून पाहा. जोड दिसला तर वीतभर काहून, सबनच खोटं लिहा. नाही दिसला तर पुरं लिहा."

मंगलाबाईनं तिचा हात धरला. "पारू! खुंट ढासळला तर माप कायचं दाखवशील?"

पार्वतानं हात सोडवला, कुदळ उचलली, खुंटाच्या माथ्याला बोटं लावून कपाळाला लावली आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला अर्धा खुंट उभा चिरून खाली पडला.

उरलेला अर्धा उभा राहिला. वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची काळी, घट्ट माती. त्यात हरळीची जुनी, पिवळी मुळं दोऱ्यासारखी खाली गेली होती. केशवराव उकिडवे बसले. एका मुळावरून त्यांनी नख फिरवत नेलं. वीत संपली, मूळ संपलं नाही.

ते तिथंच गुडघ्यावर पुस्तक ठेवून लिहू लागले.

"पुरं?" पार्वतानं विचारलं.

"पुरं." मग पुस्तक मिटत, "हे पाणी घालायचं कोणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या बापानं. येताना रस्त्यानं जेवढ्या बोड्या लागल्या ना साहेब, त्यातल्या अर्ध्या त्याच्या हातच्या हायेत."

घमेली डोक्यावर घेऊन बाया पाळ चढल्या. सगळ्यांच्या माना ताठ होत्या. गिरजाबाईचीसुद्धा. वरून मंगलाबाईनं हाक मारली, "चाल वो पारू! खुंटाचं काम सरलं. आता तो काढायची मजुरी कोण देते?"

"तुमी व्हा पुढं."

सोमवार होता. उपास सोडायला अजून वेळ होता. खाली पडलेल्या मातीतून तिनं हरळीचा गड्डा उचलला, तो पाळीच्या कडेला लावला आणि तळव्यानं दाबला. लहानपणी भरल्या बोडीत उडी मारून, खुंटावर आपटून थोरल्या भावाच्या कपाळाला पडलेली खोक तिला आठवली.

मग पदर खोचला, कुदळ खांद्यावर घेतली आणि ती उरलेल्या अर्ध्या खुंटाकडं उतरू लागली.