सुश्रुतांसाठी जागा

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी सांभाळणारा हर्षवर्धन नाडकर्णी बायको विभावरीबरोबर शेजारच्या केरी परगण्यातल्या डोंगरात फिरायला गेला, तेव्हा त्याला वाटेत एक गुहा दिसली. आत दाढीवाल्या चिनी वैद्याची मूर्ती, पुढे दिवा आणि दिवा पुसत बसलेल्या मिसेस लिन.

"सन सिमियाओ," त्यांनी ओळख करून दिली. "सातव्या शतकातले. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं तपासायचे."

"सातव्या?" हर्षवर्धनची मान ताठ झाली. "आमचे सुश्रुत यांच्या कितीतरी आधीचे. नाकाची सर्जरी करायचे!"

"अरे, हळू बोल," विभावरी म्हणाली.

"ग्रँड," मिसेस लिन अस्सल आयरिश थाटात म्हणाल्या. "आणा की त्यांना. ही बाजू रिकामीच आहे."

हर्षवर्धन भांडायच्या तयारीत होता. इतक्या सहज जागा मिळाल्याने त्याला अपमानच झाल्यासारखं वाटलं.

घरी येताच त्याने मूर्तीसाठी आयर्लंडमधल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. एकशे बेचाळीस माणसं जमली. सुश्रुतांना मिशा होत्या की नाही, यावर अकरा दिवस गेले. मूर्ती पुण्याहून मागवायची की नागपूरहून, यावर दोघांनी ग्रुप सोडला. शेवटी पुण्याची फायबरची मूर्ती आली.

ती डोंगरावर न्यायला हर्षवर्धन-विभावरी धरून चौघंच आली. बाकीच्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले.

चढावर हर्षवर्धनचा पाय घसरला. "मूर्ती सांभाळा!" तो ओरडला. तिघांनी मूर्ती सांभाळली. त्याला कुणीच धरलं नाही. घोटा पाहता पाहता सुजला. मिसेस लिन धावत खाली आल्या. त्यांनी घोटा चाचपला, आपला स्कार्फ घट्ट बांधला आणि म्हणाल्या, "मोडलेला वाटत नाही. तरी एक्स-रे काढा."

"ही चिनी पद्धत का?" त्याने कण्हत विचारलं.

"नाही. सव्वीस वर्षं कॉर्कमध्ये इमर्जन्सी वॉर्डात नर्स होते."

तिघांनी मूर्ती वर नेऊन बसवली. निघताना मिसेस लिननी विभावरीच्या हाती एक कागद दिला. "एक शनिवार माझा, एक तुमचा. झाडायचं, फुलं बदलायची. नावं लिहून पाठवा."

विभावरीने कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याला एकसष्ट अंगठे मिळाले. नाव एकही आलं नाही. वाट्याच्या पहिल्या शनिवारी तीच गेली, दुसऱ्यालाही तीच.

गणेशोत्सवात हर्षवर्धनने स्लाइड्स लावून भाषण केलं: आयर्लंडच्या डोंगरात भारतीय शल्यविद्येचा झेंडा आपण कसा रोवला. टाळ्या थांबत नव्हत्या. त्यातच विभावरी उभी राहिली.

"येत्या शनिवारी झाडायला कोण येतंय?"

पहिली रांग मोदकांच्या ताटाकडे वळली. मागच्या रांगेतल्या एकाला फोन आला.

हर्षवर्धनने माइक पुन्हा तोंडाशी नेला. "हा अतिशय महत्त्वाचा मुद्दा आहे," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि त्यासाठी आपण एक उपसमिती नेमत आहोत."