आभार जरा लवकर झाले

मित्रांनो, मी कर्जतच्या एका महिला सेवा क्लबचा जुना माईक आहे, आणि भाषणं ऐकून ऐकून माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून क्लबच्या कपाटात आलो, तेव्हा माझी छाती फुगली होती. आता आपल्या तोंडून लोकांच्या उपयोगाचं काही बाहेर पडेल, असं वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्या डोक्यावर टकटक केलं, फूऽ करून फुंकर मारली आणि सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, गुच्छ, मग 'दोन शब्द'. दोन शब्दांत आटपलेलं भाषण मी जन्मात ऐकलेलं नाही.

यंदा अनसूयाताई क्लबात आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, काहीतरी काम करावं म्हणून आलेल्या. पण सभेत चर्चा कसली, तर साड्या कुठल्या रंगाच्या नेसायच्या याची! नव्या सभासदाला काम एकच, शेवटी आभार मानायचे. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत.

मग चौक गावाच्या पुढे, डोंगराखालच्या एका वाडीत डोळे तपासणीचं शिबिर ठरलं. शाळेच्या पडवीत माणसं सकाळपासून येऊन बसली. त्यांत बुधी म्हातारी होती, एका डोळ्यावर पदर दाबून. सोबत तिची सून जिजा. प्रमुख पाहुणे उशिरा आले. दीप लावला, स्वागतगीत झालं. खोपोलीहून आलेल्या डॉक्टरांनी पिशवीही उघडली नव्हती, तोच त्यांच्या गळ्यात हार पडला. मग अध्यक्षा मधूताईंनी क्लबचा इतिहास सांगायला घेतला. माझा घसा कोरडा पडला, पण त्यांचा काही पडेना.

जिजा अनसूयाताईंजवळ आली. "बाय, डोळं कवा बघनार? आत्याबायचं डोकं फुटाया आलंय. वकली पन."

"थांब गं, होतंच आलंय," असं अनसूयाताई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना बसवेना. त्यांनी मधूताईंना खुणावलं. मधूताई गोड हसल्या आणि पुढे बोलू लागल्या. त्यांनी पुन्हा खुणावलं, त्या पुन्हा हसल्या. डॉक्टर घड्याळ बघत होते, त्यांना दुपारी खोपोलीत ऑपरेशनं होती. अखेर इतिहास संपला आणि पाहुण्यांनी घसा खाकरून माझ्याकडे हात केला.

त्याआधीच अनसूयाताईंनी मला उचललं.

"पाहुण्यांचे आभार, अध्यक्षांचे आभार, सगळ्यांचेच आभार. कार्यक्रम संपला!"

मित्रांनो, आभार झाले की सभा उठतेच. सवयीने सगळे उठले, सर्वांत आधी डॉक्टर. पाहुण्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

"अनसूया, अगं हे काय?" मधूताई लालबुंद झाल्या.

तेवढ्यात बुधीचा डोळा तपासणाऱ्या डॉक्टरांचा आवाज आला. "यांच्या डोळ्यातला दाब फार वाढलाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर नजर गेली समजा."

रिकामी गाडी एकट्या मधूताईंची होती. त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "बसवा म्हातारीला." अनसूयाताई पुढे बसल्या, मलाही कुणीतरी मागच्या सीटवर टाकलं, बुधीच्या शेजारी. ती कण्हत होती, जिजा तिचं डोकं धरून बसली होती.

खोपोली जवळ आल्यावर मधूताई म्हणाल्या, "मला सांगायचं तरी गं."

"खुणावत होते की, ताई."

"मला वाटलं, छान बोलताय असं म्हणतेयस."

बुधीचा डोळा वाचला. पाहुणे अजून रुसलेले आहेत, आणि सत्कारही काही थांबलेले नाहीत. माझी वायर सोलली आहे, मी मध्येच खरखरतो. मित्रांनो, मला ठोकू नका, फुंकर मारू नका, वायर धरून ओढू नका. हातात घ्याल तेव्हा समोर कोण ताटकळलंय ते आधी बघा. बोलायचं ते बोला आणि मला खाली ठेवा. खाली ठेवल्याने माईक बिघडत नाही.