कपाटातला टेक

दादाच्या सिनेमात भूत नव्हतं, कारण भूत परवडत नव्हतं. "मोठ्या सिनेमात ते बाहेरून येतं," तो म्हणायचा. "आपल्या खिशात दमडी नाही, तेव्हा ते घरातलंच असलेलं बरं." कॅमेरा त्याच्या ऑफिसातल्या मित्राचा, दिवे एका फोटोवाल्याकडून उसने, घर आई-बाबांचं. आवाजाचं काम माझ्या गळ्यात, का तर मी कानाच्या दवाखान्यात लोकांना कितपत ऐकू येतं ते तपासते. अरे, बहिरेपणा मोजणं वेगळं आणि सिनेमा वेगळा! पण दादापुढे कोणाचं चाललंय? फरशी पुसायच्या काठीला माइक बांधला आणि झाले मी साउंडवाली.

असले स्वस्तातले, एकाच घरात घडणारे भीतीचे सिनेमे आम्ही दोघं लहानपणी टीव्हीचा आवाज बारीक करून बघायचो. चार माणसं, एक जिना, जेवणाच्या टेबलावर कोणी कोणाशी बोलत नाही. शेजारच्या मुलांना ते रटाळ वाटायचे. आम्हाला मात्र बघून फार बरं वाटायचं. त्या घरातल्या माणसांना निदान शेवटी तरी दिसायचं, की इथे काहीतरी आहे. कोणीतरी किंचाळायचं. आमच्याकडे कोणी किंचाळत नसे. बाबा हात उगारायचे तेव्हा आई स्वयंपाकघरात मिक्सर लावायची आणि नंतर म्हणायची, "घरोघरी मातीच्या चुली." विषय संपला.

म्हणून दादाने बापाच्या भूमिकेसाठी बाबांनाच विचारलं. बाबा आता सत्तरीचे, गुडघेदुखीने बेजार, नातीच्या वेण्या घालून देणारे. ते हसत हो म्हणाले. दादाला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी पडद्यावर स्वतःला बघावं आणि आयुष्यात एकदा म्हणावं, हो रे, मी असाच होतो. त्यासाठी हा सगळा खटाटोप. बाकी जगाने तो सिनेमा बघितला काय, न बघितला काय.

सिनेमातली मुलगी झाली ठकी, दादाची सात वर्षांची लेक. बापाच्या सिनेमात काम मिळालं म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

एका रविवारी भर दुपारी आम्ही खिडक्यांना चादरी बांधून रात्र केली. खोली आमचीच, लहानपणीची. "आई, मिक्सर लावू नकोस हं," दादाने आतून ओरडून सांगितलं, "आवाज पकडला जातो."

सीन सोपा होता. बाप खोलीत येतो, कपाटासमोर थांबतो, निघून जातो. कपाटात ठकी, तिच्या फ्रॉकला एक छोटा माइक, तिच्या पायाशी कॅमेरा. दाराच्या फटीतून फक्त बापाचे पाय दिसणार. पहिल्या टेकला बाबांनी डोळे वटारून अशी डरकाळी फोडली की ठकी आतल्या आत खुदखुदली.

"बाबा, राक्षस नाहीये तो," दादा म्हणाला. "कामावरून घरी आलेला माणूस आहे. हळू या. काही करू नका."

दुसऱ्यांदा बाबा हळू आले. खोलीच्या मध्यावर थांबले. मग त्यांनी जे केलं ते कागदावर कुठेच नव्हतं. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. मारताना फुटू नये म्हणून ते आधी काढून ठेवायचे. आम्ही दोघं ह्याच कपाटात असायचो, आणि घड्याळाच्या त्या पट्ट्याचा आवाज आला की समजायचं, आता सुरू. मी चाळिशीची बाई, पण हेडफोनमध्ये तो आवाज आला आणि मी अंग चोरून भिंतीला टेकले. दादाचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"कट," तो म्हणाला. "बाबा, हे घड्याळाचं लिहिलेलं नव्हतं."

"हो, पण तसंच काढायचो ना मी?" बाबा गुडघा चोळत म्हणाले. "म्हटलं, तुला तसंच हवं असेल. जमलं का?"

म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. ते विसरले असतील अशी आम्ही इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. त्यांना आठवत होतं आणि त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. ते घड्याळ उचलून भिंतीवर आपटावं असं मला वाटलं.

दादाने कपाटातला कॅमेरा काढून तपासला. फटीतून पाय तेवढे दिसत होते, घड्याळ आलंच नव्हतं. "टेबल पुढे ओढा. परत घेऊ."

"दादा, पुरे आता. ऐकलंस ना तू?"

"मला ते दिसायला हवंय." कॅमेरा परत आत ठेवायला त्याने कपाट उघडलं.

"पप्पा, मला शू लागलीये," ठकी म्हणाली. "मी बाहेर येऊ?"

मी मान खाली घालून मशीनची बटणं बघत होते. कानात आवाज आला, अगदी हळू, एकेक शब्द सुटा. "हलायचं नाही. आवाज करायचा नाही. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही." मला वाटलं, बाबाच बोलतायत. वर बघितलं तर बाबा पलंगावर बसून घड्याळ परत मनगटावर चढवत होते. त्यांचं तोंड बंद होतं.

टेक सुरू झाला. ठकीचा श्वास मला ऐकू येत होता, लहान लहान. बाबा दारातून आत आले आणि तो श्वास थांबला. कोणाला किती ऐकू येतं हे मोजण्यात माझी पंधरा वर्षं गेलीत. मी मोजायला लागले. वीसपर्यंत मोजूनही आत श्वास नव्हता. मी हेडफोन फेकून कपाट उघडलं.

ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. चेहरा लालबुंद, फ्रॉक ओला.

"आत्या, मी श्वाससुद्धा नाही घेतला," ती म्हणाली. "आता पप्पा रागावणार नाही ना?"

दादा माझ्या मागेच उभा होता. "छे गं, कशाला रागावेल?" बाबा म्हणाले. "झकास काम केलंस."

तो शेवटचा टेक. तो आवाज मी दादाला दोन महिने दिला नाही. मग दिला, आणि का दिला ते मला अजून धड सांगता येत नाही. सिनेमा तिथेच संपतो: काळी फट, बापाचे पाय, बंद पडलेला श्वास आणि ठकीचा तो प्रश्न.

एका छोट्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसांपुढे तो दाखवला. ठकीला घरी आमच्या आईजवळ ठेवून आलो होतो. दिवे लागले तरी कोणी जागचं उठेना. माझ्या पुढची बाई पर्स छातीशी घट्ट धरून बसली होती. जो तो मनाने आपापल्या घरी जाऊन आला असावा. मग टाळ्या पडल्या, बाबांनी उठून हात हलवला, आणि मागून कोणीतरी दादाला विचारलं, "एवढ्याशा मुलीकडून हे काम करून कसं घेतलंत?"

दादाने माइक हातात घेतला.

"ते काम नव्हतं," तो म्हणाला. "ती मला घाबरली होती. मी घाबरवलं तिला. चुकलो मी."

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, दिग्दर्शक भलताच मिश्कील आहे. "खरंच सांगतोय," दादा म्हणाला, तर आणखी हसले. पहिल्या रांगेत बाबा मान हलवून हसत होते, आणि पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात त्यांनीच केली.