उत्तर न आलेल्या बेचाळीस जणी

विद्याधर सबनीस अर्धवट कामाचा माणूसच नव्हता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना बाकीचे सर्जन जिथे थांबत, तिथून त्याचं पुढे सुरू होई. स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी हे तर सगळेच काढत. हा छातीच्या हाडाआडच्या गाठीही सोडत नसे. बाई घरी जायची ती एका बाजूने खपाटीला गेलेली, हात सुजून खांबासारखा. पण जगते ना? मग झालं तर! वर्गात तो हे अशा तोऱ्यात सांगे की प्रश्न विचारायची कोणाची टाप नव्हती.

जगते, हे सिद्ध करायला त्याने एक पद्धत बसवली होती. इस्पितळात पत्रं गहाळ होत, म्हणून मुलुंडच्या घरचा पत्ता छापलेली जोडकार्डं तो दर सहा महिन्यांनी प्रत्येकीला पाठवी. प्रकृती कशी आहे ते उत्तराच्या अर्ध्या कार्डावर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. पाच वर्षं हे चाललं. १९५७ साली आकडे हाती आले. एकूण एकशे बारा जणी. एकसष्ट जिवंत. नऊ गेल्या, त्यांची माणसं इस्पितळात येऊन सांगून गेली होती. उरलेल्या बेचाळीस जणींचं उत्तरच नाही. बिऱ्हाडं बदलली असतील, गावी गेल्या असतील, आळस केला असेल. विद्याधरने त्यांना यादीतून उडवलं. राहिल्या सत्तर, त्यात एकसष्ट जिवंत. शंभरात सत्त्याऐंशी! मद्रासच्या परिषदेत हा निबंध वाचला की प्राध्यापकाची रिकामी होणारी खुर्ची त्याचीच, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करत होते.

परिषदेला आठ दिवस उरले असताना, रविवारी सकाळी भांडुपचा दशरथ दारात उभा राहिला. गिरणीत कामाला, मूळचा मालवणकडचा. त्याच्या बायकोचं, प्रेमाचं, ऑपरेशन विद्याधरनेच केलं होतं. दशरथच्या हातात कोरं जोडकार्ड होतं.

"ह्या काय चल्लाहा, साहेब? प्रेमा जावन दोन वर्सां झाली. दोनदा लिवन धाडलंय. तरी तुमचा कार्ड येताच हा, बायको कशी हा म्हणान! थट्टा करतास गरिबाची?"

"मला तुझं एकही पत्र मिळालं नाही, दशरथ."

"मगे गेली खंय ती?"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. "मी फाडली," विद्याधरची बायको सुनंदा म्हणाली.

विद्याधरला आधी काही कळेना. मग लख्ख कळलं. कोपरा फाडून आलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी. असं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून टाकायचं. सबनीसांकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं होतं, आणि बिचारी सुनंदा सासरचा रिवाज पाळत होती.

"अगं, पण मला सांगायचंस तरी!" दशरथ पायऱ्या उतरून गेल्यावर तो ओरडला.

"सांगितलं होतं, पहिलं आलं तेव्हा. तुम्ही म्हणालात, ऑपरेशनला निघताना असलं काही कानावर घालू नकोस, हात स्थिर राहत नाही. तेव्हापासून तोंड उघडलं नाही मी."

हे शंभर टक्के खरं होतं. विद्याधरला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"किती आली असतील?"

"मोजत का बसले होते? पण नावं आहेत लक्षात. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. घाटकोपरची माणिक. बोरिवलीची कुंदा, तिचं तान्हं होतं. पवईची एक होती, शुभा म्हणून..."

विद्याधरने पेन उघडलं होतं. दहा-बारा नावं झाली तरी त्याने एकही उतरवून घेतलं नाही. डोक्यात आकडेमोड मात्र होऊन गेली. बेचाळीसच्या बेचाळीस गेल्या धरल्या, तर शंभरात चौपन्न. ज्या सर्जनांना तो वर्गात अर्धवट म्हणून हिणवायचा, त्यांचंही एवढंच होतं. मग इतक्या बायकांचे हात जन्माचे निकामी केले ते कशासाठी?

"पुरे," तो म्हणाला.

"अजून आहेत."

"पुरे म्हणतो ना!"

"मग मद्रासला काय वाचणार?"

त्याने पेनाला टोपण लावलं. सुनंदा आत जाऊन भाजी चिरायला बसली.

मद्रासला त्याने टाइप केलेला निबंध जसाच्या तसा वाचला. टाळ्या पडल्या, खुर्ची मिळाली. घरी आलेले पेढे शेजाऱ्यांनी खाल्ले. सुनंदाने हात लावला नाही.

प्राध्यापक झाल्यावर पहिल्याच आठवड्यात अंधेरीची अनुपमा त्याच्यासमोर येऊन बसली. छत्तीस वर्षांची, शाळेत शिक्षिका, गाठ उजवीकडे. मागे विद्यार्थी वह्या घेऊन उभे होते.

"डॉक्टर, दुसरे सर्जन एवढं काढत नाहीत म्हणे. ह्या हाताने मला फळ्यावर लिहायचं असतं हो. तुमच्या ऑपरेशनने बायका खरंच जास्त जगतात का? काय ते खरं सांगा, मी रडणार नाही."

चौपन्न म्हणायला किती वेळ लागला असता! पण चौपन्न म्हटलं की खुर्ची गेली, नाव गेलं, आणि मागे उभी असलेली ही पोरंही गेली.

"शंभरात सत्त्याऐंशी," तो म्हणाला.

अनुपमाचा चेहरा खुलला. "मग हात गेला तरी चालेल," ती म्हणाली आणि तिने कागदावर सही केली. इतकी वर्षं तो चुकत आला होता. रोग्याच्या तोंडावर जाणूनबुजून खोटं मात्र आज पहिल्यांदा बोलला होता. ते इतकं सहज जमलं, याचीच त्याला भीती वाटली. त्याने बुधवारची पहिली केस म्हणून तिचं नाव लिहायला सांगितलं.