अक्काबाईची वाघाटी

"माझी आन हाय तुमाला. एक तांब्याबी घालायचा न्हाय तिला," एसटीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता अक्काबाईनं चौथ्यांदा बजावलं.

"व्हय म्हनलं न्हवं? ल्हान हाय का मी?" ज्ञानू तडकला.

गाडी इंदापूरकडं निघून गेली. लेकीचं, करुणाचं, बाळंतपण होतं. अक्काबाई दीड महिना तरी परतणार नव्हती. ज्ञानू लासुर्ण्याच्या स्टँडवरून पाय ओढत घरी आला आणि कुंपणावर चढलेल्या वाघाटीच्या वेलापुढं उभा राहिला.

एकतीस वर्षं त्यानं पाणी संस्थेच्या पंपावर काढली होती. कुणाचा ऊस सुकायला लागला की लोक भल्या पहाटे दारात येऊन हाका मारायचे. तो रिटायर झाला आणि हाका थांबल्या. त्याच साली अक्काबाईनं माहेरच्या माळावरून वाघाटीचं रोप आणलं. "माळावर हिला कोन पानी घालतंय? एकदा फुलली की बघतच ऱ्हाल," असं ती म्हणाली होती. पण रिकाम्या हातांना काम हवं होतं. ज्ञानू सकाळ-संध्याकाळ बादली ओतत राहिला. दोन महिन्यांत मूळ कुजलं. अक्काबाई अवाक्षर बोलली नाही, तेच त्याला जास्त लागलं. पुढच्या पावसाळ्यात तिनं दुसरं रोप लावलं आणि त्याला जवळ फिरकू दिलं नाही. त्यालाही आता चार वर्षं झाली होती. नुसती पानं आणि आकड्यासारखे काटे. फुलाचा पत्ता नाही.

अठ्ठ्याण्णवचा मार्च तापला. वाघाटीची पानं गळायला लागली. शेजारचा हिंदुराव सायकल थांबवून हसला.

"काय तात्या, सगळ्या गावाला पानी दिलं, आन दारातला येल वाळवताय व्हय?"

"तुझ्या काकीला जाऊन इचार!" ज्ञानू ओरडला. हिंदुरावाचा राग आला, अक्काबाईचा आला, त्या मुक्या वेलाचाही आला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचा धीर सुटला. त्यानं कळशीभर पाणी बुंध्याशी ओतलं आणि लगेच त्याला पहिल्या रोपाचं कुजलेलं मूळ आठवलं. गुडघ्यांवर बसून तो दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. वर कोरडा मुरूम पसरला. चिखलानं माखलेले हात बघून त्याला स्वतःचीच चीड आली. साठी उलटली, एक साधी गोष्ट पाळता येईना!

पुढं आठ-दहा दिवसांनी कळ्या दिसल्या आणि एका सकाळी वाघाटी फुलली. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, मधून मांजराच्या मिशांसारखे लांब तंतू. पाण्यानं फुलली की माळावरच्यासारखी आपल्या मनानंच, ज्ञानूला कळेना. आणि जिनं लावली तीच बघायला नाही. त्यानं एक डहाळी तोडली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि इंदापूरची गाडी पकडली.

गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. तो डहाळी छातीशी धरून उभा राहिला. करुणाच्या घरी पोचून त्यानं कागद सोडला, तेव्हा निम्म्या पाकळ्या खाली सांडल्या. उरलेल्या मळकट तांबूस झाल्या होत्या.

"सकाळी लई झ्याक दिसत व्हती गं," तो पुटपुटला.

अक्काबाईनं नातीला पाळण्यात ठेवलं. डहाळी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली.

"पानी घातलं व्हतं?"

"न्हाय."

अक्काबाईनं डहाळी बाजूला ठेवून त्याच्याकडं पाहिलं.

"एकदा," ज्ञानू म्हणाला. "मंग काढलं परत."

"काढलं? पानी?"

"हातानं. चिखल उपसला." त्याचा आवाज चढला. "मग काय करायचं मानसानं? डोळ्यादेखत वाळू द्यायचं? आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

पाळण्यातली पोर दचकली. त्यानं ओशाळून पाळण्याच्या दोरीला हात घातला. अक्काबाईनं त्याचा उजवा हात ओढून उजेडात धरला. तळव्यात काटा मोडून बसला होता. भोवती लाल झालं होतं. तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, पदरानं पुसली.

"हालू नगा," ती म्हणाली आणि डोळे बारीक करून त्याच्या हातावर वाकली.