झाकलेलं मशीन

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा वाजली, आणि छत्र्यांच्या कारखान्यात एकही माणूस परतला नाही.

थोरल्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. रस्त्यापलीकडे त्यांच्या धाकट्या दिराचा नवा कारखाना. वाटण्या झाल्यावर भाऊजींनी तेच कापड आणलं, त्याच काड्या, तेच दांडे. भिंतींना रंगसुद्धा तोच फासला. छत्री तेवढी तशी होईना, जरा वारा लागला की उलटी. म्हणून आज त्यांनी बाईंची माणसंच जेवायला बोलावली होती. सगळीच्या सगळी.

"आई, दाराला कुलूप लावतो," लेक म्हणाला. "येतील नाक घासत."

"लाव. आणि उद्याचा माल कोण काढणार, तू? तुला साधी काडी टाचता येत नाही."

बाईंच्या कारखान्याची एक रीत होती. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी जो तो आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी बसायचा. कापणारा शिवायला, शिवणारी काड्या टाचायला. त्या दिवशी माल निम्मा निघायचा आणि लेक कपाळाला हात लावायचा. पण कापड सूतभर तिरकं गेलं की शिवताना काय हाल होतात, ते कापणाऱ्याला कळायचं. एरवी कोण कुणाचं बघतो!

कोपऱ्यात ताडपत्रीखाली कापणीचं नवं मशीन होतं. ते आलं त्या दिवशी "आता आमचं काय?" असं माणसांनी विचारलं, तर बाईंनी एकच उत्तर दिलं होतं: "तुम्ही तुमचं काम बघा."

जिन्यावर पावलं वाजली. चिमणी आली, एकटीच. शिवताना हात दाणे टिपल्यासारखा चालायचा म्हणून हे नाव. बाईंकडे न बघता तिने खिळ्यावरची कात्री काढली.

"कुठे निघाली कात्री?"

"माझी आहे, बाई."

"तुझी कशी गं? मी दिली तुला."

"दिलीत म्हणजे माझीच झाली की."

"काय वाढलंय भाऊजींनी एवढं? दुप्पट पगार?"

"पगार तेवढाच." तिने कात्री पिशवीत टाकली. "पण कोणाला ठेवणार नि कोणाला नाही, ते तोंडावर सांगितलं त्यांनी. तुम्ही ताडपत्री घातलीत."

बाईंची कानशिलं तापली. एरवी त्यांच्या जिभेला धार लावावी लागत नसे. आज त्यांनी नुसत्या चपला चढवल्या.

दिराचा उंबरा ओलांडणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. तो त्यांनी ओलांडला. लेक मागोमाग.

"या वहिनी! ताट वाढा रे वहिनींना!"

"जेवून आलेय. माझी माणसं न्यायला आलेय. म्हणजे, आली तर." बाई सगळ्यांत जुन्या माणसाकडे, कापणीच्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, मशीनवर कोण बसणार ते तुम्ही ठरवा. बाकीच्या कापणाऱ्यांना शिवता येतं, काड्या टाचता येतात. दर आठवड्याला शिकवलंय ते कशाला? एकालाही घरी बसवणार नाही. मी गेल्यावर हा लेकही बसवणार नाही."

लेकाने घुटमळत का होईना, मान हलवली.

"हे मशीन आलं तेव्हाच सांगता आलं असतं, बाई," मास्तर म्हणाले.

सगळे बघत होते. भाऊजी तर हसू दाबून.

"आलं असतं," बाई म्हणाल्या. "माझी मिजास आडवी आली."

"मशीन माझ्याकडेही येतंय बरं, वहिनी. तुमच्यापेक्षा मोठं."

"आणा की. दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतं का, तेवढं बघा."

मास्तरांनी हात धुतले, पुसले. इतका वेळ लागतो का हात पुसायला! मग त्यांनी वाकून चपला शोधल्या. मागोमाग एकेक खुर्ची सरकली. दोघं तरुण कापणारे मात्र खाली मान घालून बसून राहिले. त्यांना हाक मारावी असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

कारखान्यात ताडपत्री मास्तरांनीच ओढली. चिमणीने मशीनभोवती एक फेरी मारली.

"बाई, आठवड्याच्या शेवटी यावर आम्हीपण बसणार ना?"

"बसशील. बोटं सांभाळ, मेले."

चिमणीने पिशवीतून कात्री काढली आणि परत खिळ्याला अडकवली.